सकाळचं रील, रात्रीचा फोन आणि हातात उरलेले पाचशे

पत्र

सप्रेम नमस्कार. मी राजारामपुरीत राहते, वय ४१. शिरोलीच्या एका फाउंड्रीत १४ वर्षं एचआरचं काम केलं. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून कोचिंगचं प्रशिक्षण घेतलं आणि लहान कारखानदारांची बिझनेस कोच म्हणून काम सुरू केलं. सुरुवात चांगली झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि माझ्या फाउंड्रीवाल्यांच्या ऑर्डरी अडकल्या. हुपरीचे दोन चांदीवाले होते. त्याच वर्षी चांदी किलोला लाखाच्या वर आणि वर्ष संपता संपता दोन लाखांच्याही पुढे गेली, तसं त्यांनी माझं काम थांबवलं. आता नऊ जण उरलेत, महिना सहा हजार प्रत्येकी. त्यातल्या तिघांनी दोन महिने फी दिलेली नाही आणि मागायला माझी जीभ रेटत नाही. रात्री अकरा-साडेअकराला फोन येतात. परवा त्यातले एक म्हणाले, ‘मॅडम, आता जगण्यात राम नाही.’ मी तासभर बोलत बसले, नंतर रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी सातला मात्र रील टाकायचंच, ‘मंदीतही संधी असते!’ हे एका गुरूच्या कोर्समध्ये शिकवलं. त्या कोर्सचा साडेनऊ हजारांचा हप्ता अजून चालू आहे. ते म्हणतात, फी लाखात न्या, गाडीसोबत फोटो टाका, यशस्वी दिसा. ऑफिसचं भाडं १४ हजार, जाहिरातीवर १२ हजार जातात. सासूबाई विचारतात, ‘लोकांशी गप्पा मारायचे पैसे घेतेस होय गं?’ हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय. मी लोकांना फसवतेय का? असल्या दिवसांत खरेपणा राखून आणि स्वतः न करपता हे काम करता येतं, की गाशा गुंडाळू?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

आधी त्या फोनचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबेल, ते थांबणार नाही. ‘जगण्यात राम नाही’ असं आपल्याकडे माणूस सिलिंडर वेळेवर आला नाही तरी म्हणतो, हे खरं. पण बँकेचे फोन चुकवणारा माणूस रात्री अकराला एकटा बसून तेच म्हणतो, तेव्हा तो वैताग समजून सोडायचा नाही. हे वाचून झालं की त्यांना फोन लावा आणि आडवळणं न घेता विचारा, ‘परवा तुम्ही असं बोललात, ते माझ्या डोक्यातून जाईना. जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं किंवा त्यांनी विषय टाळला, तर घरातलं एक माणूस त्यात घ्या. क्लायंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम जिवावर बेतलेलं असताना लागत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. त्यांच्यासोबत केसपेपर काढायला तुम्ही गेलात तरी चालेल, मात्र त्यापुढचं काम डॉक्टरांचं. ते आपल्यालाच झेपलं पाहिजे असं वाटून घेऊ नका. प्रशिक्षणात तुम्हाला ते शिकवलेलंच नाही आणि शिकवायचंही नसतं.

आता हिशेब. पत्रात तुम्ही सगळे आकडे दिलेत, फक्त एकाखाली एक मांडलेले नाहीत. मी मांडले. नऊ जणांचे ५४ हजार. तिघं देत नाहीत, म्हणजे हातात ३६. त्यातून भाडं १४, जाहिरात १२ आणि कोर्सचा हप्ता साडेनऊ वजा केले. झाले ३५ हजार ५००. उरले पाचशे. अख्ख्या महिन्याचे. म्हणजे तुम्ही जागता रात्री अकरानंतर, हसता सकाळी सातला, आणि कमावतात घरमालक, जाहिरातवाले आणि ते गुरू. असं चाललं तर कुणालाही स्वतःचं काम खोटं वाटायला लागेल. तुमच्या कोचिंगमध्ये खोट आहे की नाही हे ठरवण्याआधी हा हिशेब बदलायला हवा.

जाहिरात आजच बंद करा. ऑफिसचा करार काढून नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिटचं काय लिहिलंय ते बघा, आणि ऑफिसही सोडा. राजारामपुरीत पाटी असली की बरं दिसतं, मान्य. पण शिरोलीच्या माणसाला तावडे हॉटेलच्या चौकातली गर्दी काढून तुमच्याकडे यायला लावण्यापेक्षा तुम्हीच त्याच्या कारखान्यात जा. तिथं जे दिसतं ते तुमच्या एसी खोलीत कधी दिसणार नाही. मोठ्या खुर्चीत वडील बसलेले असतात. एमबीए करून आलेला मुलगा बाजूच्या सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असतो. दर पाच मिनिटांनी सुपरवायझर दार ढकलून आत डोकावतो आणि प्रश्न विचारतो वडिलांना, मुलाकडे बघतसुद्धा नाही. ‘मुलगा जबाबदारी घेत नाही’ या तक्रारीवर तुम्ही चार सेशन घातली असतील, तिचं उत्तर त्या केबिनमध्ये दोन मिनिटांत मिळतं. एवढ्या दोन गोष्टी केल्या तर महिन्याला साडेसव्वीस हजार हातात राहतील. गडगंज नव्हे, पण माणूस शांतपणे विचार करू शकतो एवढे.

तुम्ही विचारलंत, मी फसवतेय का. सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण त्यांचा प्रश्न उडवूनही लावू नका. क्लायंटच्या मनातही तोच असतो, सहा हजारांत मला नक्की काय मिळतं? कोच व्हायला आपल्या देशात परवाना लागत नाही, कुणीही उद्या पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था प्रमाणपत्रं देते. पहिल्या पायरीला प्रशिक्षणाचे ६० आणि प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात, दुसऱ्या पायरीला कोचिंगचे ५००, शेवटच्या पायरीला २,५००. तेही ऐच्छिकच. पण यातून एवढं कळतं की या धंद्यात अनुभव तासांनी मोजतात, गाडीच्या फोटोनं नव्हे. तुमचे जेवढे तास झाले असतील तेवढेच सांगा. ज्याचं प्रमाणपत्र नाही ते लिहू नका. आणि ‘उलाढाल दुप्पट’ असलं काही कुठं लिहून ठेवलं असेल तर ते आज रात्रीच काढून टाका. मंदीत कुणाची उलाढाल दुप्पट करणं तुमच्या हातात नाही, आणि ते आश्वासन रोज सकाळी पुन्हा द्यावं लागतं म्हणूनच तुम्ही दमलाय. दिलेला शब्द आणि जमणारं काम यांत जेवढं अंतर, तेवढं रोज तोंडानं भरून काढावं लागतं. तो शब्द लहान करा.

लहान म्हणजे काय, तर तुम्हाला जे खरंच येतं तेवढाच. १४ वर्षं फाउंड्रीत काढलेला कोच मिळणं सोपं नाही. दिवाळी आणि छटला गावी गेलेले कामगार परत का येत नाहीत, फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, माणूस का टिकत नाही, रिजेक्शन वाढलं की मोल्डिंगवाले आणि क्वालिटीवाले एकमेकांच्या नावानं कशी बोटं मोडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या वक्त्याला यातलं काही माहीत नसतं. ‘बिझनेस कोच’ या गुळमुळीत पाटीपेक्षा ‘कारखान्यातली माणसं टिकवायला आणि बाप-लेकांत कामाची वाटणी करायला मदत करते’ असं सांगा. क्लायंट कमी येतील, पण कशासाठी आलोय हे त्यांना माहीत असेल.

आणि सध्याच्या दिवसांत तुमचे फाउंड्रीवाले प्रेरणेवाचून अडलेले नाहीत, पैशांवाचून अडलेत. प्रत्येकाला विचारा, तुमची येणी किती आणि किती दिवसांची? परदेशी गिऱ्हाइकाचं वेगळं, पण चाकणच्या किंवा इथल्याच मोठ्या कंपनीकडं पैसे अडकले असतील तर २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, तेही चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय मुदत उलटल्यावर ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे मार्चच्या आधी त्याचा सीए त्याच्या मागं लागतो. हे कागद करणं तुमच्या क्लायंटच्या सीएचं काम. तुमचं काम त्याच्या आधीचं आहे. सहा महिने झाले, हा माणूस आपलेच पैसे मागायला फोन का उचलत नाही? ‘संबंध बिघडतील’ म्हणून. ‘ऑर्डर जाईल’ म्हणून. ‘आपण अडचणीत आहोत हे कळेल’ म्हणून. ती भीती त्याच्याकडून बोलवून घेणं, काय बोलायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवणं, आणि पुढच्या आठवड्यात ‘केलात का फोन?’ असं विचारणं. याचे सहा हजार घ्यायला लाज वाटायचं काहीच कारण नाही.

पण हे दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर आधी तुम्हाला स्वतःला करावं लागेल. तुमचीही जीभ रेटत नाही, आणि कारणंही तीच आहेत. त्या तिघांना उद्या सकाळी असा निरोप पाठवा, ‘नमस्कार. दोन महिन्यांची फी १२ हजार येणं आहे. या महिन्यात जमत असेल तर तारीख कळवा. अर्धीच जमत असेल तर आपण महिन्यातून एकच सेशन ठेवू. सध्या अजिबात जमत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, आपण थांबू आणि हात मोकळा झाला की पुन्हा सुरू करू.’ एवढंच. खाली हात जोडलेली चित्रं नकोत, ‘गैरसमज नसावा’ नको. सवलत द्यायची ती काम कमी करून द्या, तेवढंच काम निम्म्या पैशात करून नव्हे. एखाद्याला फुकट मार्गदर्शन करावंसं वाटलं तर जरूर करा, पण अशी जागा एकच ठेवा, तीन महिन्यांची, आणि ती मुदत त्याला पहिल्याच दिवशी सांगा. कोल्हापुरी माणसाला मागून घ्यायला संकोच वाटतो, पण बिनमागं मिळालेलं तो हक्कानं वापरतो. मी पण त्यातलीच.

रात्रीच्या फोनचंही असंच. फाउंड्रीत रात्रपाळीची भट्टी चालू असते, त्यामुळे तुमच्या मंडळींना अकरा म्हणजे रात्र वाटतच नाही. ते तुम्हाला छळत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यांना एकच निरोप द्या, ‘रात्री आठनंतर माझा फोन बंद असतो. काही सुचलं, सलत असलं तर लिहून पाठवा, सकाळी दहानंतर उत्तर देईन. जिवाचा प्रश्न असेल तर १४४१६.’ पहिले काही दिवस चुळबूळ होईल. एखादा रागावेलही. जो रागावून सोडून जाईल त्याला कोच नको होता, रात्रीची सोबत हवी होती, आणि ती देणारी माणसं त्याच्या घरात असायला हवीत.

सातच्या रीलबद्दल माझं मत अगदी सरळ आहे, बंद करा. रात्रभर जागलेल्या बाईनं सकाळी ‘मंदीतही संधी’ म्हणायचं, आणि ते बघायचं कुणी, तर ज्यानं कालच दोन कामगार कमी केलेत त्यानं. त्याला त्यातून काय मिळणार? आठवड्यातून एकदा काहीतरी कामाचं सांगा. ४५ दिवसांचा नियम सांगा, सुट्टीवर गेलेला कामगार परत यावा म्हणून निघताना त्याच्याशी काय बोलायचं ते सांगा. मात्र क्लायंटच्या गोष्टी नावं बदलूनही टाकू नका. ‘शिरोलीतले एक फाउंड्रीवाले, थोरला मुलगा जर्मनीत’ एवढं लिहिलंत की मिसळीच्या पहिल्या प्लेटला उद्यमनगरात नाव कळलेलं असतं. पुण्यात खपेल कदाचित, आपल्या गावात नाही.

आणि खरेपणा म्हणजे क्लायंटपुढं आपलं रडगाणं गाणंही नव्हे. हा घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. ‘माझ्याही धंद्याला झळ बसलीय’ एवढं एक वाक्य, कुणी विचारलं तर, पुरे. त्या तासाचे पैसे त्यांनी दिलेत, तो तास त्यांचा. तुमचं बोलायला तुमचं माणूस हवं. महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या, अनुभवी कोचसोबत फी देऊन बसा. साडेसव्वीस हजारांतले दीड-दोन हजार त्यावर गेले तरी जाऊ द्या. नवऱ्याशी बोलालच, पण त्याला नावं सांगता येत नाहीत आणि तुमच्या मनातलं निम्मं त्या नावांतच अडकलेलं असतं.

करपण्याचं म्हणाल, तर पाऊस लागला की आपण सगळेच उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं ४३ ची वाट बघत नाहीत, जनावरं आधीच हलवतात. तुमच्याही दोन पातळ्या कागदावर लिहून ठेवा, कारण पाणी चढायला लागल्यावर ठरवणं जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामानं करपण्याची तीन लक्षणं नोंदवली, ती तुमच्या पत्रात ओळीनं आहेत. अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. तेव्हा फोनवर एखाद्या क्लायंटचं नाव दिसलं की पोटात खड्डा पडतो, समोरचा बोलत असताना तुम्ही उद्याच्या रीलचा विचार करता, ‘यांचं नेहमीचंच’ असं मनात येतं, हे तुमचे ३९ फूट. तिथं नवा क्लायंट घेणं थांबवायचं, दिवसाला दोनच सेशन, शनिवार-रविवार बंद. सलग दोन आठवडे झोप नाही, कारण नसताना रडू येतं, जेवण जात नाही, हे ४३. तिथं सगळ्यांना पंधरा दिवसांची सुट्टी कळवायची आणि डॉक्टरकडं जायचं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्ही ३९ ओलांडलेत. ४३ ला आहात की नाही हे मी पत्रातून सांगू शकत नाही, डॉक्टर सांगतील.

गाशा गुंडाळायचा का? मला तशी गरज दिसत नाही, पण एक मधला रस्ता आहे. सहा महिन्यांसाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस एखाद्या कारखान्याचं एचआरचं काम ठरलेल्या मानधनावर घ्या, गोकुळ शिरगावला किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत. तुमचा अनुभव असा आहे की विचारणा केलीत तर कुणीतरी हो म्हणेल. फक्त ज्यांचं कोचिंग करता त्यांच्याच कारखान्यात नको. मालकाचं मन ऐकायचं आणि त्याच्याच कामगारांच्या पगाराची फाईलही सांभाळायची, यात कुणाचाच विश्वास टिकत नाही. ‘परत नोकरीला गेली’ असं चार जण म्हणतील. म्हणू देत. घरखर्च दुसरीकडून निघाला की क्लायंटला ‘हे माझं काम नाही’ असं सांगता येतं. हातात पाचशे असताना ते तोंडातून निघत नाही.

राहिला तो कोर्स. हप्ता रागानं बंद करू नका. तो एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून असेल तर तुमचा सिबिल स्कोअर खाली येईल आणि गुरूला त्याचं काहीच जाणार नाही. आधी करार आणि पावत्या काढा, पैसे परत मिळण्याची अट आहे का ते बघा. ‘इतके क्लायंट हमखास’ असं जाहिरातीत सांगितलं असेल आणि तसं काही झालं नसेल, तर तो दिशाभूल करणारा दावा ठरू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. समोरचे म्हणतील, तुम्ही धंद्यासाठी कोर्स घेतलात, तुम्ही ग्राहक नव्हे. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ चा ग्राहक कायदा धंद्याची खरेदी मानत नाही, पण त्या सवलतीत सेवेचा उल्लेख नाही. कोर्सला ती लागू होते का, हे वकिलाला आवर्जून विचारा. आणि त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच, तारीख दिसेल असे, काढून ठेवा. तक्रार गेल्याचा वास लागला की असली पानं रातोरात बदलतात.